मानेतल्या शिरा

महाडच्या माणसाला तुंबणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. सावित्री नदीचं पाणी पुढे सरकलं नाही की ते बाजारपेठेत शिरतं, हे आम्ही लहानपणापासून बघत आलोय. त्यामुळे कमलाकरकाका जेव्हा म्हणाले, "चारुशीला, तुझ्या मानेतल्या शिरा अरुंद आहेत, रक्त वर मेंदूत तुंबतंय, सगळा आजार तेवढाच," तेव्हा मला ते बसल्या जागी पटलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी पटलं.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मल्टिपल स्क्लेरोसिस त्यांनाही, माझ्या आधीपासून. मुंबईच्या डॉक्टरांनी मला या आजाराचं सांगितलं होतं ते असं: शरीर स्वतःच आपल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतं, का ते नक्की ठाऊक नाही, पूर्ण बरा होत नाही, गोळ्यांनी आवरता येतो. असल्या बोलण्याने कोणाचं समाधान होतं? काकांचं म्हणणं सरळ होतं. गाळ काढा, पाणी वाहतं करा. पुण्यात एका खासगी हॉस्पिटलात जांघेतून नळी घालून मानेपर्यंत नेतात आणि फुगा फुगवून शीर रुंद करतात. काकांनी ते करून घेतलं होतं. डिसेंबरात मीही करून घेतलं.

तिथून आल्यावर मला उभं केलं ते काकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने. उगाच नावं ठेवणार नाही. जांघेतली जखम दुखायची, रात्री भीती वाटायची, आणि तेव्हा शिरा मोकळ्या करून घेतलेलं कुणी ना कुणी जागं असायचं. रोज सकाळी काकांचा फोन यायचा. "घोटे फिरवलेस? पाणी प्यालीस? चल, ऊठ." माझा नवरा सुनील स्वभावाने चांगला आहे, पण पाय जड होणं म्हणजे काय हे त्याला कळत नाही. ग्रुपवर ते समजावून सांगावं लागत नसे. आजाराच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा मी एकटी नव्हते.

आणि मी चालायला लागले. जानेवारीत शाळेची सहल रायगडला गेली, तेव्हा हिरकणीवाडीत गाडीतून उतरून रोपवेपर्यंत काठीशिवाय गेले. पहाटेची थंडी, अंगात शाल. सोबत आलेल्या सुनीलने व्हिडिओ काढला, काकांनी तो ग्रुपवर टाकला, आणि तो माझ्याआधी गावोगाव पोचला. मुंबईच्या डॉक्टरांच्या गोळ्या मी बंद केल्या. ग्रुपवर सगळ्यांनीच केल्या होत्या. पाणी वाहतं झाल्यावर औषध कशाला?

त्या व्हिडिओवरूनच नशराने मला शोधून काढलं. पोलादपूरची, महाडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आधी एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं, मग डावा पाय बधिर. आजार कळून वर्षही झालं नव्हतं. तिचे वडील नासिरभाई बरीच वर्षं दुबईत होते, आता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला भाड्याची गाडी चालवतात. तिचं लग्न ठरत आलेलं, आणि मुलाकडच्यांना अजून काही सांगितलेलं नव्हतं. रोज रात्री तिचा फोन यायचा; ती रडायची नाही, प्रश्न विचारायची. "मॅडम, नळी घालताना कळतं काय? मॅडम, केल्यावर जिना चढता येतो का?" तिला गोळ्या लागू पडत होत्या. पाय सुधारत होता. पण गोळी रोज आठवण करून देते की आपण आजारी आहोत, आणि बाविसाव्या वर्षी ते कोणाला आवडेल. मला ती मुलगी फार आवडली.

मार्चमध्ये महाड तापलं आणि माझे पाय गेले.

आधी वर्गात खडू हातातून सुटायला लागला. मग बाथरूममध्ये पडले. मग वॉकर आला. मुंबईच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, आणि त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला. म्हणाले, या आजारात उष्णता सोसत नाही, थंडीत बरं वाटतं. तुम्हाला थंडीत बरं वाटलं. शिरांचा याच्याशी संबंध नाही, ते तपासून झालंय, उपयोग होत नाही हे दिसलंय. गोळ्या बंद केल्यात, म्हणून नवा झटका आला. आता जे गेलं ते सगळं परत येईल असं नाही.

मी ग्रुपवर जसंच्या तसं लिहिलं.  मग एकाने हात जोडले, दुसरीने लिहिलं, "ताई, शीर परत मिटली असेल, पुन्हा करून घ्या." तेवढ्यात काकांनी माझा मजकूर काढून टाकला.

मी तडक त्यांच्या घरी गेले, भांडायलाच. काकू त्यांना खुर्चीतून पलंगावर घेत होत्या. पाय लोंबत होते. रोज सकाळी मला "चल, ऊठ" म्हणणारा माणूस स्वतः उठत नव्हता, कधीपासून कोण जाणे. काकू त्यांच्या पाठीशी उशी सारून आत गेल्या.

"काका, तुम्ही हे ग्रुपवर का सांगितलं नाहीत?"

"सांगून काय होणार?" ते म्हणाले. "माणसं धीर धरून आहेत. तो गेला तर त्यांच्याकडे काय राहील?"

"गोळ्या राहतील."

"गोळ्यांनी कोणी सकाळी फोन करतं का?"

 म्हातारा खोटारडा होता आणि त्या हिवाळ्यात त्याच्याएवढं मला कोणी सांभाळलं नव्हतं, दोन्ही खरं. व्हिडिओ काढून टाका म्हटलं, तर म्हणाले, आता तो माझ्या हातात कुठे राहिलाय.

मग मी नशराला फोन केला. फोन नासिरभाईंनी घेतला. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मॅडम, वाईट वाटलं. पन व्हिडिओ तर आमी बघितलाय. तुमी चालताव. ते काय खोटं हाय?"

"खोटं नाही. पण—"

"मंग झालं तर. पुन्याची तारीख घेतोय."

माझ्याच व्हिडिओपुढे मला जिंकता येईना. व्हिडिओतली बाई चालत होती, हसत होती, आणि ही फोनवरची कुरकुरणारी. लोक कोणावर विश्वास ठेवणार? मी ठरवलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला. आपणच समोर जाऊन उभं राहायचं, म्हणजे निदान राहायचा प्रयत्न करायचा.

मे महिना होता. सुनील म्हणाला, "संध्याकाळी जाऊ, ऊन उतरल्यावर." मी म्हटलं, नाही, भर दुपारीच. संध्याकाळी मी थोडी बरी असते, आणि मला बरी दिसायचं नव्हतं.

पोलादपूरला त्यांच्या दाराशी दोनच पायऱ्या होत्या. पहिलीवर पाय ठेवला आणि तो माझा राहिला नाही. सुनीलने काखेत धरलं, नशरा धावत आली, दोघांनी मिळून मला ओढून ओटीवर बसवलं. नशराला मी पहिल्यांदाच बघत होते. फोनवरच्या आवाजापेक्षा लहान दिसत होती, नीट चालत होती. तिची आई शमसुन्निसा हिने सरबत आणलं. पेला माझ्या हातात थरथरला आणि अर्धा साडीवर सांडला. एरवी मी लाजेने मेले असते. त्या दिवशी मी तो तसाच सांडू दिला.

"बघून घ्या," मी म्हटलं. "शीर मोकळी केल्यानंतरची मी ही अशी आहे. गोळ्या सोडल्या, म्हणून अशी आहे. हिच्या गोळ्या बंद करू नका. एवढंच मागायला आले."

 नशराने माझा हात धरला होता. शमसुन्निसाचे डोळे भरून आले. तिने हळूच विचारलं, "तुमाला दुखनं होऊन किती वरसांनी करून घेतलात ओ?"

"नऊ."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नासिरभाईंनी मान हलवली. मला सोडायला ते गाडीपर्यंत आले, स्वतः दार लावलं, म्हणाले, "एवढ्या उन्हाचं आलाव, अल्ला तुमचं भलं करो." परतताना मी सुनीलला म्हटलं, झालं काम. किती महिन्यांनी मला बरं वाटलं होतं. वॉकर मागच्या सीटवर खडखडत होता, तोही टोचला नाही.

पंधरवडाही गेला नसेल. नासिरभाईंचा फोन आला. मागे लिफ्टचा आवाज, कोणीतरी वॉर्डबॉयला हाक मारत होतं.

"मॅडम, झालं नशराचं. मस्त झालं. पाय गरम लागतात बोलते."

  ते मोठ्याने म्हणाले, "तुमचे उपकार हायत. आमी अजून थांबनार व्हतो, पैशाची सोय लागंपर्यंत. पन तुमाला बघितलं ना त्या दिवशी, रात्रभर घरात कोन झोपलं नाय. हिची अम्मी बोलली, मॅडमनी नऊ वर्सं घालवली म्हनून असं झालं, आपली पोर तशी व्हायच्या आधी नेऊया. गाडी इकली आनि आलाव."

"नासिरभाई, गोळ्या," मी म्हटलं. "तिच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"त्या आता कशाला?" ते हसले. "थांबा, पोरीला देतो."

नशराचा आवाज थकलेला होता, पण खूश होता. मी तिला सांगितलं, गोळ्या सोडू नकोस, कोणी काही म्हणो, तू सोडू नकोस. दोनदा सांगितलं, ओरडून सांगितलं. सुनील स्वयंपाकघरातून बाहेर आला.

"हो मॅडम," ती म्हणाली. मग आवाज अगदी हळू केला, मी रोज रात्री तिच्याशी बोलताना करायचे तसा. "तुमी घोटे फिरवता ना? मी सकाळी फोन करीन हां तुमाला. रोज करीन."