दाराकडे तोंड केलेल्या चपला

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. माझ्यावर माणसं बसली, एवढं मला पुरे.

मी एक जुनं लोखंडी स्टूल आहे. चार पाय आणि वर गोल बैठक. बैठकीवर एकेकाळी हिरवं रेक्झिन होतं, आता त्याच्या आठवणी आहेत. पायांत काळे रबरी बूट होते, त्यातला एक कुठेतरी हरवला. तेव्हापासून मी लंगडतो, आणि कुणी ओढलं तर मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा ओरडतो. सध्या माझा मुक्काम एका मोठ्या रुग्णालयाच्या जिन्याखालच्या खोलीत आहे. शेजारी चाकांची एक जुनी खुर्ची असते. तिला आम्ही आत्याबाई म्हणतो. तिचं एक चाक वाकडं आहे, पण स्वभाव सरळ. माझ्या लहानसहान थापा ती ऐकून सोडून देते.

मित्रांनो, ज्या लोखंडापासून मला घडवलं ते आधी जहाजाचा नांगर होतं. भर वादळात अख्खं जहाज त्यानं धरून ठेवलं होतं. (आत्याबाई गप्प आहे, म्हणजे चालू द्या.) वेल्डरदादांनी शेवटची ठिणगी उडवली, मला दोनदा आपटून पाहिलं आणि म्हणाले, “याला मोडायला हत्ती लागेल.” हत्ती काही आला नाही. पण पुढे एका रुग्णाचे साडू आले. बसण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनी देवाचं नाव घेतलं.

माझी नेमणूक कॅन्सरच्या वॉर्डात झाली. बारा खाटा, एक लांब खोली, आणि एका टोकाला दुहेरी दार. त्या दाराशी आत्याबाई उभी असायची. बरं वाटून घरी निघालेला असो की घरीच राहायचं ठरवून निघालेला असो, माणूस तिच्यावर बसूनच दाराबाहेर पडायचा. तसा नियमच होता. मी मात्र खाटांखाली असायचो. तिथून जग वेगळं दिसतं. चेहरे दिसत नाहीत, पण पाय दिसतात. आणि पाय फारसं खोटं बोलत नाहीत.

खाटांखाली राहून मी एक गोष्ट शिकलो. माणूस उभ्यानं विचारतो, “कसं वाटतंय?” आणि आजारी माणूस म्हणतो, “बरं आहे.” तोच विचारणारा बसला, गुडघे खाटेला टेकवले, जरा वेळ काहीच बोलला नाही, की खरं बाहेर येऊ लागतं. हे मला कळलं होतं आणि मोठ्या सिस्टरांना कळलं होतं. त्यांनी वॉर्डात एक रीत घातली. जो फार आजारी आहे, ज्याच्या बाबतीत औषध किती पुरं पडेल हे सांगता येत नाही, त्याच्या फायलीत सगळ्यात वर एक पिवळं पान लावायचं. त्या पानावर औषधाचं नाव नव्हतं, नुसते प्रश्न होते. आजाराबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे? कशाची धास्ती वाटते? पुढचे दिवस कसे जावेत, आणि त्यासाठी काय सोसाल, काय नको? खाली सिस्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, “बसून विचारावे.”

“उभ्या उभ्या बस पकडतात, माणसाचं मन नाही,” असं त्या डॉक्टरांना तोंडावर सांगायच्या.

ते माझे चांगले दिवस होते. पिवळं पान निघालं की पाठोपाठ हाक यायची, “स्टूल आणा.” एक शाळेच्या बाई होत्या. सगळ्यांना वाटायचं, यांना आता शांतपणे घरी न्यावं. डॉक्टरबाई माझ्यावर बसल्या आणि त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “टोचा काय टोचायचं ते. धाकटीची परीक्षा झाल्याशिवाय मी कुठे जात नाही.” मग तसंच झालं. बाईंनी सगळं सोसलं आणि परीक्षेचा निकालही ऐकला. प्रत्येकाला हवं ते वेगळं असतं, मित्रांनो. ते विचारल्याशिवाय कळत नाही, एवढंच.

मग सात नंबरच्या खाटेवर किल्लीवाले काका आले.

काकांनी अख्ख्या गावाच्या किल्ल्या बनवल्या होत्या. अंगात ताकद उरली नव्हती, पण बोटं अजून चादरीवर कानस चालवल्यासारखी हलायची. मोठ्या सिस्टर एकदा म्हणाल्या, “गावाची कुलुपं उघडली, काका, पण स्वतःचं तोंड काही उघडत नाही तुम्ही.”

काका म्हणाले, “किल्ली न लावता उघडेल ते कुलूप कसलं?”

त्यांच्या चपला माझ्या शेजारी असत. साध्या तपकिरी, अंगठ्याशी झिजलेल्या. काका त्या रोज सकाळी पायानं चाचपून वळवून ठेवायचे, तोंडं दाराकडे. झाडणाऱ्या मावशी फडकं मारताना त्या भिंतीकडे सरकवायच्या.

“मावशी, तोंडं दाराकडे असू द्या.”

“का हो, पळून जायचा बेत आहे?”

“बेत कसला. घरी बायको आहे. तिचे गुडघे गेलेत, तिला इथले जिने चढवत नाहीत. खिडकीशी बसेन म्हणतो तिच्याजवळ. तिच्या कपाटाची किल्ली तीस वर्षं करायची राहिली आहे. चमच्यानं उघडते बिचारी.”

“मग सांगा की लेकीला.”

“लेकीला वाटतं मी लढतोय,” काका म्हणाले. “तिच्यासाठी लढतो बापडा.”

संध्याकाळी लेक यायची. ती बाहेर डॉक्टरबाईंना सांगायची, “बाबा हार मानणारे नाहीत. काय असेल ते सगळं करा.” आत येऊन बाबांचे पाय दाबायची. बाबा म्हणायचे, “बरं आहे.” तिच्या हातांना पाय लागत होते, पण खालच्या चपला तिला दिसत नव्हत्या. त्या मला दिसत होत्या. मी काय करणार? मला चार पाय आहेत, तोंड नाही. आता या वयात फुटलंय, तर त्याचा काय उपयोग?

सिस्टरांनी एका सकाळी काकांच्या फायलीला पिवळं पान लावलं. काकांची बोलण्याची ताकद आता थोड्याच दिवसांची उरली होती, हे सिस्टर ओळखून होत्या. पण नेमका त्याच सकाळी वारा सुटला. वॉर्डाचं दार धाडधाड आपटू लागलं, पेशंट दचकू लागले. कुणीतरी मला उचललं आणि दाराला टेकवून ठेवलं. दार थांबलं. “वा, हे बरं झालं,” सगळे म्हणाले. मी फुगलो. एकेकाळी जहाज धरलं होतं, आज दार धरलंय, असं मनात आलं. सात नंबरची खाट माझ्या मनातही नव्हती. तेवढ्यात डॉक्टरबाई पिवळं पान हातात घेऊन काकांपाशी आल्या. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खाटेखाली वाकून पाहिलं.

“स्टूल कुठे गेलं?” त्या म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं.

इथपर्यंतचं तुम्ही मानाल. आता पुढचं ऐका.

मी निघालो. हो, मित्रांनो, आपल्या पायांनी. आधी एक पाय सुटा केला, मग दुसरा. बिनबुटाच्या पायानं असा आवाज केला की तिसऱ्या खाटेवरच्या आजोबांचा ताप उतरला. बावीस फरश्या मी ओलांडल्या, आणि डॉक्टरबाईंच्या गुडघ्यांना मागून असा टेकलो की त्यांना बसण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. त्या बसल्या. त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला. गुडघे खाटेला टेकवले.

“काका,” मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला काय हवंय?”

काका म्हणाले, “घरी जायचंय.”

मग लेकीला बोलावलं. ती रडली. “आधी का नाही बोललात, बाबा?”

“तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. बाप तशी लेक.”

दुखणं कमी करायचं औषध घरी कसं द्यायचं, ते सिस्टरांनी तिला शिकवलं. रात्री कुणाला फोन करायचा, तेही लिहून दिलं. दोन दिवसांनी काका निघाले. पुढचे अकरा दिवस ते खिडकीशी बायकोजवळ बसले. मला कसं कळलं ते विचारू नका. पाचव्या दिवशी कपाटाची किल्ली झाली. कपाट उघडलं तर आत काय, नुसते चमचे. दोघं हसून हसून दमली.

म्हणून सांगतो, मित्रांनो. आजारी माणसाला भेटायला गेलात तर आधी बसायला काहीतरी शोधा. स्टूल मिळालं नाही तर खाटेच्या कडेवर बसा, जमिनीवर बसा, पण बसा. उद्या निवांत बोलू, असं म्हणू नका. निघताना काका दारात थांबले होते. त्यांनी माझ्या बैठकीवर हात ठेवला आणि म्हणाले...

शेजारी वाकडं चाक कुरकुरलं.

“खोटं,” आत्याबाई म्हणाली. “नांगर सोडला, हत्ती सोडला, हे नाही सोडायची. त्या सकाळी तू माझ्या शेजारी दाराला टेकून होतास. तसूभर हलला नाहीस. डॉक्टरबाई उभ्याच राहिल्या. काका ‘बरं आहे’ म्हणाले. ‘उद्या बसून बोलू,’ म्हणाल्या त्या. आणि दुसऱ्या दिवशी काका लेकीलासुद्धा ओळखत नव्हते. घरी जाणारं प्रत्येक माणूस माझ्यावर बसून गेलंय. काका नाही बसले. तिसऱ्या दिवशी लेक आली तेव्हा सात नंबरची खाट रिकामी होती. तिला काय करावं सुचेना. तिनं त्या चपला माझ्यावर ठेवल्या, तोंडं दाराकडे करून, आणि मला ढकलत बाहेर नेलं.”