बोट सोडून

भामट्याच्या मालिकेचं शेवटचं पर्व सुरू होतं आणि शेवट फुटला. सकाळच्या पेपरात चार ओळी आल्या होत्या: भामटा पोलिसांच्या हाती लागत नाही, बोट किनाऱ्याला सोडून एकटाच निघून जातो.

निर्मात्याने सगळ्यांना सेटवर उभं केलं. शेवटच्या भागाची पानं फक्त चौघांकडे होती: लेखक, दिग्दर्शक, मेकअपदादा आणि कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या बाई.

"आपल्या गोष्टीत बोट आहेच कुठे?" लेखक म्हणाला.

"मुद्दाम बदललंय. माग लागू नये म्हणून," निर्माता म्हणाला.

बाईंचं कामच बारीक बघण्याचं. मागच्या दृश्यात पेला कुठल्या हातात होता, शर्टाचं वरचं बटण लागलेलं होतं की उघडं, हे सगळं त्यांच्या वहीत असे. आता त्या माणसं बघू लागल्या. मेकअपदादा हल्ली फोन आला की बाहेर जायचा आणि परत आला की गप्प असायचा. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. दोन दिवसांनी त्यांनी निर्मात्याच्या कानावर घातलं.

त्याच दुपारी मेकअपदादाने पेटी आवरली.

"ताई, सहा वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला," तो म्हणाला. "आधी मला विचारायचंत तरी. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तिचे फोन असतात."

बाईंना ते खरं वाटलं नाही. चोर असंच काहीतरी सांगणार.

संध्याकाळी घरी चहा पिताना नवऱ्याने सहज विचारलं, "अगं, त्या बोटीचं शूटिंग कुठे करणार?"

"कुठली बोट?"

"तूच नव्हतं का वाचून दाखवलंस? तो बोट सोडतो आणि चालू लागतो."

बाईंनी कप खाली ठेवला. वेळ मोजायला त्या पानं घरी मोठ्याने वाचत. शाळेच्या फाटकाशी भामटा आपल्या मुलीचं बोट सोडतो, ती आत जाते आणि तो चालू लागतो, असं होतं ते. नवऱ्याचा डावा कान कामातून गेलेला. त्यात तेव्हा समोर टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

"अहो, कोणाला सांगितलंत?"

"सलूनमध्ये. कौतुकानं सांगितलं गं. त्या सलूनवाल्याचा मेहुणा पेपरात आहे म्हणे."

सकाळी त्या निर्मात्यापुढे उभ्या राहिल्या. "मेकअपदादाला बोलवा. शेवट माझ्या घरातून फुटला."

त्याला परत बोलावलं. बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी मेकअपदादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कामाला जाईन मी. पण पुन्हा फोन करू नका, ताई."

लेखकाने शेवट नव्याने लिहिला. तो भाग लागला तेव्हा नवरा-बायको सोफ्याच्या दोन टोकांना बसली होती. भामटा शाळेच्या रस्त्याला लागला.

"पकडतात का गं त्याला?" नवऱ्याने विचारलं.

"माहीत नाही."

त्याने मान वळवून बाईंकडे पाहिलं. "नको सांगूस," तो म्हणाला. "माझ्यावर विश्वास नाही, असं सरळ म्हण ना."

बाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.