वरच्या खर्चाचा दस्तावेज

लाथ मारणारा विसरतो, खाणारा विसरत नाही. कलाबाई तर नऊ वर्षांत एक दिवस विसरली नव्हती.

त्या वर्षीचा आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण होता. खानदेशातल्या लेकी त्या दिवशी माहेरी जातात, झोके खेळतात. कलाबाईनं नवऱ्याकडे, सुकलालकडे, एवढंच मागितलं होतं, की यंदा दोन दिवस मला आईकडे जाऊ द्या. पण सुकलालचा मोठा भाऊ बन्सीलाल बायकोपोरांसह जेवायला यायचा होता. शब्दाला शब्द लागला, आणि सुकलालनं तिची पिशवी उचलून थेट जिन्यात भिरकावली. "घर मना नाववर शे! नींघ आठेन!" दार धाडकन बंद. पहाटे उठून तिनं खापरावर भाजलेले मांडे आत बाकीचे हाणत होते आणि ही सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या चाळीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, जिन्यावर बसून होती. पाच वाजता दार उघडलं. सुकलाल म्हणाला, "भांडा पडेल शेतस. ये मझार." घासायला भांडी पडली, तेव्हा बायको आठवली मेल्याला!

ती आत गेली. मुकाट्यानं भांडी घासली. पण त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला. एक घर आपल्या नावावर हवं. आपल्या एकटीच्या.

सुकलाल पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये कलर मास्तर. रंग बरोबर जमवायचा, पण बाकी जगातलंही सगळं आपल्यालाच कळतं असा त्याचा तोरा. यंदा त्यानं कडोदऱ्याला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट ठरवला, एकवीस लाखांचा. चाळीतली खोली तेरा लाखांना विकली, आठ लाखांचं कर्ज पगारावर मंजूर करून घेतलं. तेरा नि आठ एकवीस, झाला हिशेब! वर ऐंशी हजार राखून ठेवले आणि मिशीवरून हात फिरवला.

कलाबाई मजुरीवर घेतलेल्या साडीला लेस लावता लावता म्हणाली, "वरचा खर्च किती येईल, वकिलाला विचारून घ्या की एकदा."

"तुले काय समजस दस्तावेजमा? तू लेस लाव."

आता हे बोलणं त्याला चांगलंच महागात पडणार होतं, कारण बाईनं तीन महिन्यांपूर्वीच वकिलाचा जिना चढून सगळं विचारलं होतं. वकील भला माणूस. तो म्हणाला होता, "बेन, एकला तमारा नामे होय तो रजिस्ट्रेशन फी माफ. भाईनुं नाम साथे आव्युं तो फी लागे." नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली, हे तिनं पदराला गाठ मारावी तसं मनात ठेवलं आणि घरी येऊन ब्र काढला नाही. सांगितलं असतं तर सुकलालनं मुद्दाम उलटं केलं असतं. बायकोनं सुचवलेल्या वाटेनं जाईल तर तो सुकलाल कसला!

दस्तावेजाला, म्हणजे खरेदीखताला, आठ दिवस उरले, तेव्हा स्वारी वकिलाकडे गेली. वकिलानं कागदावर आकडे मांडले. स्टॅम्प ड्यूटी एक लाख दोन हजार नऊशे. रजिस्ट्रेशन एकवीस हजार. सोसायटीचं मेन्टेनन्स डिपॉझिट पन्नास हजार, लाइटचं मीटर पस्तीस, वकिलाची फी दहा. सुकलालचा चेहरा पडला. दोन लाख अठरा हजार नऊशे, आणि गाठीला ऐंशी हजार! खोली विकून झालेली, बिल्डरला बाना, म्हणजे विसार, दिलेला, मागे फिरायची सोय नाही. त्यानं बन्सीलालला फोन लावला. मोठ्या भावानं "पाहतो" म्हटलं आणि पुन्हा फोन उचलला नाही. मांडे खायला बरा वेळ होता!

त्या संध्याकाळी सुकलाल घरी आला तो उड्या मारतच. "अगं, एकवीस हजार वाचतात! वकील म्हणाला, घर बाईच्या एकटीच्या नावावर केलं की फी माफ. तुझं नाव घालू. बायकोचं नाव म्हणजे आपलंच. कागदावर काय, काहीही लिहा."

कलाबाई सुईवरून नजर न काढता म्हणाली, "मला त्यातलं काय समजतं? तुम्ही म्हणाल तसं."

"पण अजून लाखाच्या वर कमी पडतात."

"माझ्या भिशीचे एक लाख वीस हजार आलेत. घ्या."

त्यानं पैसे घेतले, भिशीत भरायला एवढे कुठून आणले तेही विचारलं नाही. कचेरीत तिचा फोटो निघाला, दहाही बोटांचे ठसे उमटले आणि दस्तावेजावर एकच नाव आलं, कलाबाई सुकलाल पाटील. तिनं तो कागद घरी आणून पिठाच्या डब्यात ठेवला. बाई एकटीच खिदळत होती.

वास्तूचा मुहूर्त सुकलालनंच धरला. आखाजीचा. बन्सीलाल सहकुटुंब हजर. आमरस, मांडे, सगळा थाट. ताटं वाढली आणि सुकलालच्या जिभेला हाड राहिलं नाही. "दादा, पाहिलं ना माझं घर? नाव तेवढं हिचं लावलं. फी वाचवली! हिला वाटतं, मालकीण झाली!" तो खो खो हसला.

कलाबाई उठली. पलंगाखालून पिशवी काढली. त्यात त्याचे दोन शर्ट आणि दाढीचं सामान तिनं सकाळीच भरून ठेवलं होतं. तिनं ती पिशवी जिन्यात ठेवली. "हे काय गं?" म्हणत तो पिशवी आणायला बाहेर गेला आणि तिनं दाराला आतून कडी घातली.

"घर मना नाववर शे," ती दाराआडूनच म्हणाली. आवाज चढवला नाही.

बाहेर त्यानं दार बडवलं, शिव्या दिल्या. मग शेजारची दारं उघडू लागली तसा तो पायरीवर टेकला. बन्सीलाल ताटावरून अर्धा उठला. जेठ, थोरला दीर, म्हणून कलाबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि वाढणं हातात घेतलं.

"बसा दादा. कडी काढायची असेल तर तुम्हीही जिन्यावर बसा. नाहीतर जेवा. त्या दिवशी तुम्ही चार मांडे खाल्ले होते, बंद दाराबाहेरून तुमचं मागणं ऐकून मी मोजत होते. आजही चार खा."

बन्सीलाल खाली बसला. चारही मांडे त्यानं संपवले. ती समोर उभी होती ना!

पाहुणे मान खाली घालून निघाले तेव्हा दार उघडलं होतं, पण सुकलाल आत आला नाही. उंबऱ्यात ती उभी होती. तो पुन्हा पायरीवर बसला, पिशवी मांडीवर घेऊन.

कलाबाई निवांत जेवली. आमरस दोनदा घेतला. घड्याळात पाच वाजले, तशी ती दारात आली.

"भांडा पडेल शेतस," ती म्हणाली. "या मझार."