चंदाबाईंच्या पोरांचा दंगा

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे आणि मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मित्रांनो, पुढे कुठे माझा आवाज कापला तर तुम्ही हसणार नाही. माझ्या पोटात तीस मिनिटांची चुंबकी फीत आहे. दमट हवेने तिला बुरशी लागते, उन्हाने ती आखडते आणि मोठ्या लोहचुंबकाजवळ नेली की क्षणात कोरी होते. असा देह मिळाल्यावर शूर तरी कसं व्हायचं?

माझा जन्म दूर परदेशातल्या कारखान्यात झाला. दिल्लीत मला पहिल्यांदा हात लावला तो अरुणाताईंनी. त्या वृत्तवाहिनीत बातमीदार होत्या, मूळच्या पुण्याच्या. तीस वर्षांपूर्वी शहराच्या एका भागात दंगल उसळली आणि चार दिवस कर्फ्यू लागला. कर्फ्यू उठल्यावर अरुणाताई मला कॅमेऱ्यात घालून करोल बागेजवळच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेल्या. तिथे चंदाबाई राहत होत्या. त्यांचे यजमान शामराव मंत्रालयात कारकून होते आणि कर्फ्यूत ऑफिसातच अडकले होते. गल्लीतले आणखीही आईबाप असेच जिथे होते तिथे अडकले. मग चंदाबाईंनी काय केलं, तर सगळ्या घरांतली, सगळ्या धर्मांची अकरा पोरं आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवली आणि कडी लावली.

त्या मराठीत बोलत होत्या ते मी शब्दन् शब्द टिपून घेतलं. "आमच्या पोरांनी दिवसभर नुसता दंगा केला हो!" असं म्हणून त्या खळखळून हसल्या. "मीच म्हटलं, करा. हवा तेवढा करा. बाहेरचा आवाज त्यांच्या कानावर पडायला नको होता ना." मग कॅमेरा वळला. खाटेवर पोरं उड्या मारत होती. एकाने डोक्यावर पातेलं घातलं होतं. सगळ्यांत पुढे चंदाबाईंचा सहा वर्षांचा सिद्धांत पळी वाजवत होता. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची मिनिटं.

बातमी लागली, लोकांनी कौतुक केलं. अरुणाताईंनी माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली: 'चंदाबाई. पोरांचा दंगा.' आणि तिथेच माझं नशीब फिरलं.

वाहिनीचा कॅसेटसंग्रह सांभाळणारे हरिदासजी फार नीटनेटके गृहस्थ होते. ते हिंदी भाषक. त्यांनी चिठ्ठीवरचा शेवटचा शब्द वाचला आणि मला उचलून 'दंगे' लिहिलेल्या कपाटात ठेवलं. मित्रांनो, मराठीत पोरं घरात धुडगूस घालतात तो दंगा. बाहेर माणसं माणसांना मारतात ती दंगल. हिंदीत मात्र दंगा म्हणजेच ते मारणं. त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? माझ्या शेजारच्या कॅसेटींच्या पोटात आग होती, रडणं होतं, रस्त्यावर पडलेल्या एकेकट्या चपला होत्या. मी त्यांच्यामध्ये तीस वर्षं अंग चोरून बसले. अरुणाताई निवृत्त झाल्या आणि पुढे वारल्या. हरिदासजी गावी गेले. ऑफिस नोएडाला हललं, तेव्हा कपाटासकट मीही हलले.

यंदा निवडणूक जवळ आली. तेव्हा वाहिनीला जुन्या दंगलीवर कार्यक्रम करायची आठवण झाली. निर्माते राघव स्वतः कपाटापाशी आले आणि त्यांच्या हाताला मी लागले. त्यांना मराठी बोलणं कळत नव्हतं, म्हणून त्यांनी सुकन्याला बोलावलं. सुकन्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवण्याचं काम करते. वडील मारुतराव फौजेत, म्हणून ती लहानाची मोठी दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये झालेली.

"तुम तो मराठी हो ना? जल्दी से बता दो, ये लेडी क्या बोल रही है," राघव म्हणाले.

सुकन्याने कानाला हेडफोन लावले. मुलगी हुशार आहे हो, पण ऑफिसच्या खुर्चीत बसलं की तिचे कान हिंदी होतात. घरी हजारदा ऐकलेला शब्द तिला तिथे ओळखू आला नाही. तिने भराभर टाइप केलं: 'हमारे लड़कों ने दिन भर दंगा किया. मैंने ही कहा, करो.' राघवांनी तेवढं वाचलं आणि यंत्र थांबवलं. पुढचं वाक्य त्यांनी घेतलं नाही. कॅमेरा वळला तिथवर तर कुणी पोचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवरच्या टीव्हीवर मी स्वतःला पाहिलं आणि माझी फीत गारठली. अकरा सेकंद. भोवती लाल चौकट. चंदाबाईंचं ते हसू हळू करून, पुन्हा पुन्हा, ढोल बडवत दाखवत होते. तिशीतली ती बाई चेटकिणीसारखी दिसत होती. आपल्याकडे 'ध'चा 'मा' करणं म्हणतात. इथे तर एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

आठ दिवसांत ती अकरा सेकंदं सगळ्यांच्या फोनमध्ये शिरली. एका पुढाऱ्याने सभेत ती ऐकवली आणि म्हणाला, बघा, हाच आपला खरा इतिहास. दुसऱ्या पक्षाचा पुढारी म्हणाला, या बाईला कुणी शिकवून पाठवलं होतं ते शोधा. भांडले दोघंही, पण पूर्ण मी कुणालाच नको होते. मला आगीची भीती होती, पाण्याची होती. आपल्याच पोटातल्या आवाजाची भीती वाटेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

मग कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. सुकन्या माझ्या शेजारी डबा खात होती. तिच्या आईचा, विजयाबाईंचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला, तर मागून नुसता आरडाओरडा.

"जरा थांब गं, काही ऐकू येत नाहीये," विजयाबाई म्हणाल्या. "यशराजने सकाळपासून नुसता दंगा घातलाय!"

सुकन्याचा घास हातातच राहिला. "आई, तुझ्या नातवाने काय घातलाय?"

"दंगा. सोफ्यावर उड्या चालल्यात. का गं?"

सुकन्याने फोन ठेवला आणि मला यंत्रात घातलं. या वेळी तिने मला शेवटपर्यंत ऐकलं. खाट, पातेलं, पळी वाजवणारा सिद्धांत. ती दोन्ही हातांत डोकं धरून बसली. थोड्या वेळाने उठून राघवांना घेऊन आली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "सर, गलती मेरी है. वो बच्चे हैं. खेल रहे हैं."

राघवांनी पाहिलं. त्यांनाही सगळं कळलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. "अब तो चल गया, यार," ते म्हणाले. "चुनाव सिर पर है. माफी कौन माँगेगा?" दारातून वळून त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं. "ये टेप भंगारवाली लिस्ट में डाल दो. सारा पुराना माल वैसे भी जा रहा है."

भंगारात देण्याआधी आम्हाला त्या लोहचुंबकाखालून नेतात, मित्रांनो. मी गेले असते तर जगात ती अकरा सेकंदंच उरली असती आणि तोच इतिहास झाला असता. पण सुकन्याने यादीत माझा नंबर लिहिला नाही. तिने माझी पूर्ण नक्कल एका पेन ड्राइव्हवर उतरवली, मला आपल्या खणात कुलूप लावून ठेवलं आणि सिद्धांतचा फोन नंबर शोधून काढला.

शनिवारी ते आले. चंदाबाई आता सत्तरीकडे झुकलेल्या. शामराव दोन वर्षांपूर्वी गेले. सिद्धांत सरकारी नोकरीत आहे आणि गुरुग्रामला राहतो. त्याच्याकडे ऑफिसने त्या क्लिपबद्दल लेखी खुलासा मागितला होता. सोबत त्याची नऊ वर्षांची उन्नती होती. शाळेत शहराच्या इतिहासावर प्रोजेक्ट होता, त्यात एका मुलाने हीच क्लिप लावली. घरी येऊन तिने विचारलं होतं, "आजी, तूने सच में दंगे करवाए?" हे सगळं सिद्धांतनेच सांगितलं.

"माझ्यामुळे झालं," सुकन्या म्हणाली. "मला माफ करा, आजी."

सुकन्याने मला यंत्रात घातलं. पडद्यावर पोरं आली, तशा चंदाबाई पुढे सरकल्या आणि एकेकाला बोट लावून नावं घेऊ लागल्या. हा अन्वर, ही गुरमीत, हा आपला सिद्धू. अकराच्या अकरा नावं त्यांना पाठ होती. सुकन्याने ती लिहून घेतली.

मग ती हळूच म्हणाली, "आजी, हेच तुम्ही आज कॅमेऱ्यासमोर सांगाल? मी स्वतः रेकॉर्ड करते. एक शब्दही कापणार नाही."

"नको गं बाई." चंदाबाईंनी पदर घट्ट धरला. "आता हसले तरी कशाचं काय लावतील. मी घरातसुद्धा जपून बोलते." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या तर आता ओठालाच काही लावायला तयार नव्हत्या.

पडद्यावर दंगा टिपेला पोचला होता. पळी वाजवणारे आपले बाबा बघून उन्नती टाळ्या पिटत ओरडली, "बाबा, तुम कितने फनी थे, यार!" आणि हसत सुटली. चंदाबाईंनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू," त्या कुजबुजल्या. "रेकॉर्ड होईल."

बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून जिने पोरांना गोंगाट करायला सांगितलं, त्याच बाईने स्वतःच्या नातीचं हसू दाबलं. मला तेव्हा वाटलं, त्या चुंबकाखालून गेले असते तर बरं झालं असतं.

नक्कल सिद्धांत घेऊन गेला. त्याच्या ऑफिसात ती कुणी शेवटपर्यंत पाहिली की नाही, मला ठाऊक नाही. मी खणात आहे. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरू लागली आहे आणि बाहेर पावलं वाजली की अजून धस्स होतं. तुमच्या फोनवर अकरा सेकंदांचा इतिहास येईल, मित्रांनो, रोजच येईल. तो पुढे पाठवण्याआधी एवढं विचारा, की या बाई पुढे काय म्हणाल्या आणि कॅमेरा कुणाकडे वळला. विचारणारं कुणी असेल, तर माझ्यासारखीला जपून ठेवणारंही कुणी निघेल. आणि चंदाबाई कदाचित पुन्हा मोठ्याने बोलतील.