पत्र्याखालचा ढग

लाँड्रीवाल्याची हौस त्याच्याच अंगाशी आली. लेक नर्सिंग शिकायला परगावी निघाली होती, दुपारच्या बसने. तिचे पांढरे गणवेश केव्हाच शिवून आले होते. बायको म्हणत होती, "नवेच आहेत, तसेच घडी घालून देऊ." पण हा कसला ऐकतोय! कोऱ्या कापडात पोर पाठवली तर लोक म्हणतील, बाप लाँड्रीवाला आहे की लाकूडतोड्या? कोरं कापड दोन पाण्यांतून काढायचं, खळ द्यायची, मग इस्त्री, हा त्याचा नेम. गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यांतून मोकळा झाला तो आदल्या संध्याकाळी. सहाच्या सहा गणवेश त्याने भिजवले, आणि सकाळी उन्हाचा पत्ताच नाही. बाहेर नुसता गारठा.

मग त्याने धुण्याच्या खोलीत दोऱ्या बांधल्या, दार-खिडकी लावून घेतली आणि शेगडी पेटवली. खोली कशी छान उबदार झाली. स्वारी खूश. तेवढ्यात पहिला थेंब पडला. पत्र्याला वर्षानुवर्षांची काजळी; थेंब ती सोबत घेऊन आला आणि एका गणवेशाच्या खांद्यावर तपकिरी टिकली लावून गेला.

"अगं, पत्रा गळतोय!"

"पाऊस कुठाय गळायला?" बायको म्हणाली.

लेक दारात आली. लहानपणी गिऱ्हाइकांच्या शर्टांची बटणं चघळायची, म्हणून घरात तिचं नाव बटण. वर बघून ती हसायलाच लागली. "बाबा, तुम्ही ढग केलात! कपड्यांतलं पाणी वाफ होऊन वर गेलं, वर पत्रा गारठलेला. वाफ गार झाली की तिचे बारीक थेंब होतात. थेंबाला थेंब मिळतो, जड होतो, आणि पडतो."

"आभाळात कुठे आलाय पत्रा?"

"तिथे वरची हवाच गार. आणि पत्र्याऐवजी धुळीचे कण. वाफेला धरायला काहीतरी लागतं, बाबा. काजळीही चालते."

"एवढं कळत होतं तर आधी तोंड शिवलं होतं का?"

"शेगडी कुणाला विचारून पेटवलीत?"

त्याने दार उघडलं. बाहेरची गार हवा आत घुसली आणि खोलीभर असं पांढरं धुकं झालं की बायको दिसेना, नुसता तिचा आवाज आला, "लावा ते दार!" लावलं, तर वरून टपटप सुरू. उघडलं की ढग, लावलं की पाऊस. शेगडी वाढवली तर वाफ वाढे, विझवली तर कपडे ओलेच्या ओले. शेवटी स्वतःच्या घरात, स्वतःच्या छपराखाली तो छत्री उघडून उभा राहिला. छत्री एक आणि गणवेश सहा.

"राहू द्या हो आता," बायको हळूच म्हणाली. ती कडाडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने इस्त्री तापवली. ओल्या कापडावर टेकवली तशी चर्र करून वाफ उठली. त्याची नजर तिच्या मागोमाग वर गेली. पत्र्याला एक थेंब फुगत होता. आता तो कुठे पडणार हेही त्याला कळत होतं. अख्ख्या गल्लीच्या कपड्यांना सुरीसारख्या घड्या घालणारा हात तिथल्या तिथे थांबला.

बटणने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"तिथेही दोरी असेल, बाबा. ऊनही असेल."

"आणि हे डाग?"

"नर्सच्या अंगावर काय काय उडतं! आठ दिवसांत हे डाग शोधून सापडणार नाहीत."

"ओले बांधलेस तर वास मारतील गं."

"मारू देत."

ओले गणवेश प्लास्टिकच्या पिशवीत गेले. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बस माणसांनी गच्च भरली होती. बाहेर गारठा, आत सगळ्यांचे श्वास; वाफेला धरायला काचा सापडल्या होत्या. सगळ्या खिडक्या पांढऱ्या. लेक कुठल्या खिडकीशी बसली, काही कळेना. एवढ्यात एका काचेवर आतून तळहात फिरला, गोल जागा स्वच्छ झाली. तो तिकडे धावला, दोन्ही हात हलवून ओरडला, "बटण, पोचल्या पोचल्या पिशवी उघड गं!"

गोलातून एक मिशीवाले गृहस्थ बघत होते. त्यांनीही बिचाऱ्यांनी हात हलवला. मग गोल पुन्हा धुरकटत गेला आणि बस हलली.