आडफळीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी आडफळी आहे. गंगाखेडच्या एका कॉलेजात, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत, टेबलावर मी उभी असायची. एका बाजूला लेकरू, दुसऱ्या बाजूला परीक्षक. खालच्या फटीतून लेकराचा फक्त हात पलीकडे जाई आणि न दिसणाऱ्या चक्रव्यूहातून काडी फिरवी. कोणाला कोणाचं तोंड दिसत नसे, म्हणून निकाल खरा निघे. तेव्हा मला मान होता.

मग भगवानराव सर विभागप्रमुख झाले. "लेकराचं तोंड बघितलं की मला कळतं. ही फळी कशाला मधी?" असं म्हणून त्यांनी मला दारासमोरच्या नालीवर टाकलं. माणसं माझ्या अंगावरून चालली. ते मी विसरले नाही.

यंदा शेजारच्या शाळेने सातवीची मुलं सरांकडे तपासायला पाठवली. कच्च्या मुलांची वेगळी तुकडी होणार होती. चक्रव्यूह दिसू नये म्हणून सरांनी मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधली. ओळखीची मुलं सकाळी बोलावली, ऊसतोडीवाल्यांची भर दुपारी, उपाशी. ओळखीचं लेकरू चुकीच्या वाटेला वळलं की सर खाकरून सावध करत. ऊसतोडीवाल्यांची पिंकी चुकली तेव्हा गप्प बसले. नालीवरून मला सगळं ऐकू येत होतं. ऊसतोडीची सगळी मुलं कच्ची ठरली.

पिंकीची आई कडूबाई उसाच्या फडातून तडक विभागातल्या राजेश्री मॅडमकडे आली.

"मॅडम, माझी पोर येडी न्हाई. तुमी पुना बघा."

मॅडमनी मला घासून धुतलं आणि टेबलावर उभं केलं. सगळी मुलं एकाच सकाळी, पोटभर नाश्ता देऊन, चिठ्ठ्या टाकून बोलावली. सूचना एकाच शब्दांत दिल्या. हातावरून ओळख पटू नये म्हणून सगळ्यांना सारखेच पांढरे हातमोजे. सर हसत परीक्षकाच्या खुर्चीत बसले.

एक हात झरझर सुटला. सर म्हणाले, हे शिकलेल्या घरातलं. पुढचा हात अडखळतच राहिला.

"हे फडातलं. घाला वेगळ्या तुकडीत," सर म्हणाले.

मॅडमनी मला उचललं. पलीकडे सरांचा नातू शिवशंकर बसला होता, मागच्या खेपेला पहिला आलेला. आधीचा हात पिंकीचा होता.

"आबा, आज तुमी खाकरलेच न्हाई," पोरगं रडवेलं होऊन म्हणालं.

सरांची मान खाली गेली. त्या पोराची मला दया आली, सरांची नाही. त्यांचं ते तोंड मी डोळे भरून पाहिलं. वेगळी तुकडी झाली नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नको, कौतुकही नको. कोणाची पारख करायला बसाल तेव्हा मला मध्ये उभी करा. टाकायचं तर खुशाल नालीवर टाका. मी वाट बघेन. मी सागाची आहे, लवकर कुजत नाही.