आखूड प्रत

आमच्या ग्रुपमध्ये 'आखूड' हा शब्द मी आणला. मला त्याचं फार कौतुक होतं.

आम्ही चौदा जण. सगळे सिनेमाच्या डिस्क जमवणारे. आजकाल डिस्क कोण जमवतं, असं ताई विचारते. तर आम्ही चौदा जण जमवतो. ग्रुपचं नाव 'पहिली रांग'. दर आठवड्याला प्रत्येकाने एक सिनेमा सुचवायचा. नुसतं 'भारी आहे, बघाच' असं लिहिलं की दोन आठवडे तोंड बंद ठेवायची शिक्षा. कुठली प्रत, डब्याच्या पाठीवर किती मिनिटं लिहिलीत, आवाज कसा आहे, सगळं लिहायचं.

आखूड म्हणजे काय, तर समजा एकाच सिनेमाच्या दोन प्रती आहेत. एकीच्या पाठीवर शंभर मिनिटं लिहिलंय, दुसरीच्या शहाण्णव. तर ती शहाण्णववाली आखूड. चार मिनिटं कुणीतरी कापून खाल्लीत. हे मी ठासून सांगितलं आणि दुसऱ्या कुणाला जास्त माहिती नव्हती, त्यामुळे तेच चालू झालं. 'ही घेऊ का?' 'सोड, आखूड आहे.' यादीसुद्धा मीच ठेवायचो. एकशे बासष्ट नावं होती तिच्यात.

माझं शिक्षण बारावी नापास. बाकीचं सगळं इंटरनेटवर आणि डब्यांच्या पाठीवर. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत मी काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. गिऱ्हाईक मला दिसत नाही, मी त्याला दिसत नाही. चिठ्ठीवर नंबर येतो, मी काच बनवतो, खिडकीतून पुढे सरकवतो. कधी कधी पुढून आवाज येतो, 'अय्या, किती स्पष्ट दिसतंय!' तेवढाच पगाराबाहेरचा फायदा.

घरी दोन खोल्या. ताईला जुळं झालं तेव्हा आई तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेली. त्याला आता दोन वर्षं झाली. येते म्हणते. दर वेळी जुळ्यांपैकी एक आजारी असतो. आईच्या खोलीत पलंगाच्या जागी आता रॅक आहेत. फोनवर ताई म्हणते, 'आई आली तर झोपणार कुठे, तुझ्या डब्यांवर?' मी म्हणतो, 'तू पाठव तर खरी.'

आता कवळीकाका.

काका तीन तासांवरच्या गावात राहायचे. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचे, घरच्याच खोलीत. म्हणून ग्रुपमध्ये कवळीकाका. स्वतःच लावून घेतलेलं नाव. म्हणायचे, 'मी बनवलेलं हसू झोपताना काढून ग्लासात ठेवता येतं, आहे का तुमच्या कुठल्या हिरोकडे?' बायको जाऊन पाच वर्षं झालेली. मुलगा-सून दुसरीकडे. मला 'चष्मिस' म्हणायचे. माझे डोळे एकदम ठणठणीत आहेत, पण सांगून उपयोग नव्हता.

आखूड प्रती सगळे टाकून द्यायचे, काका मागून घ्यायचे. 'मला चालतात रे. चार मिनिटांनी माझं काय अडलंय.' मग मीही पाठवायला लागलो. एखादा सिनेमा मिळाला की पूर्ण लांबीची प्रत शोधून माझ्याकडे ठेवायची आणि आखूड काकांना. त्यामुळे झालं काय, की दोघांकडे तोच सिनेमा, दोघांनीही न पाहिलेला. एकदा काकाच म्हणाले, 'रविवारी तीनला काय करतोस?'

'काही नाही.'

'मीही तेच करतो. एकत्र करू या.'

तसं सुरू झालं. रविवारी तीनला फोन यायचा. 'डिस्क घातलीस? मोबाईल चार्ज आहे ना? पाणी घेऊन बस. तीन, दोन, एक, दाब!' दोघं एकदम बटण दाबायचो, फोन ठेवायचो आणि सिनेमा बघता बघता एकमेकांना मेसेज टाकायचो. माझा आठवडा त्या रविवारच्या मागे धावायचा. शनिवारी काचा घासताना मी शिट्टी वाजवायचो म्हणे. मालकांनी सांगितलं, मला माहीत नव्हतं.

एकच भानगड होती. काकांचे मेसेज लवकर यायचे.

सुरुवातीला काही नाही. पण तासाभराने बघावं तर काका लिहायचे, 'अगं बाई, पेटी उघडू नको!' आणि माझ्याकडे बाईला पेटी सापडलेलीसुद्धा नसायची. सिनेमा संपत आला की अजूनच. 'गेला बिचारा' असा मेसेज, आणि माझ्याकडे बिचारा छान जेवत बसलेला. आधी वाटलं, काका भराभर टाईप करतात. मग वाटलं, योगायोग. मग मी वहीत लिहायला लागलो. हो, वही केली. फोनच्या घड्याळावर त्यांचा मेसेज कधी आला आणि तो प्रसंग माझ्याकडे कधी आला. पंचवीस मिनिटांना एक मिनिट पुढे. पन्नासला दोन. पंचाहत्तरला तीन. शेवटी चार. दर रविवारी.

मी एकदा हळूच विचारलं. 'काका, तुमच्या प्रतीत मधे उडी वगैरे पडते का?'

'नाही बुवा. सरळ चालते.'

झालं. कापलेली प्रत असती तर एका जागी उडी पडली असती ना? इथे तर हळूहळू पुढे सरकतंय. हळूहळू म्हणजे रिमोट. म्हणजे काका जिथे कंटाळा येतो तिथे पळवतात. माझं डोकं असं चाललं आणि मला ते फार हुशारीचं वाटलं.

आणि खरं सांगू का, वाईट पळवण्याचं नव्हतं वाटलं. वाईट ह्याचं वाटलं, की मी ज्या दोन तासांसाठी आठवडा ढकलतो, ते दोन तास ह्या माणसाला लांब वाटतात.

हे त्यांना एकट्याला फोनवर बोलायला हवं होतं. मी ग्रुपवर टाकलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, उभ्या उभ्या. आकड्यांसकट. खाली लिहिलं, 'आपले कवळीकाका सिनेमे पळवून बघतात. पुराव्यासकट सादर.' शेवटी हसणारं तोंड टाकलं, म्हणजे गंमत आहे असं वाटावं.

सगळे तुटून पडले. ग्रुपमध्ये एक लिफ्ट तपासणारा आहे, त्याला आम्ही इन्स्पेक्टर म्हणतो. तो म्हणाला, 'काका, गाडी सावकाश, पुढे शाळा आहे.' दुसरा म्हणाला, 'त्यांचं वय झालंय रे, घाई असणारच.' हसणारी तोंडंच तोंडं.

अर्ध्या तासाने काकांचं आलं. 'मी एक मिनिटही पळवलेलं नाही.'

मी लिहिलं, 'मग आकडे खोटं बोलतात का?'

मग ती करड्या अक्षरातली ओळ आली, ते ग्रुपमधून बाहेर पडले म्हणून. इन्स्पेक्टर म्हणाला, 'अरे! चेष्टा पण कळत नाही लोकांना.' मीही त्यावर अंगठ्याचं चित्र टाकलं.

रविवारी तीनला फोन आला नाही. मीही केला नाही. चूक त्यांची होती ना. मी डिस्क घातली, पाण्याची बाटली घेऊन बसलो, 'तीन, दोन, एक' मनातल्या मनात म्हटलं आणि दाबलं. वीस मिनिटांनी एक विनोद झाला. मी हसलो. खोलीत एकट्याचं हसू फार मोठं ऐकू येतं, कधी ऐकलंय का? मी आवाज वाढवला. टीव्हीचा.

असे चौदा-पंधरा रविवार गेले.

मग रॅक पुसताना मागे पडलेली एक आखूड प्रत सापडली. काकांना पाठवायची राहिलेली. पूर्ण प्रत माझ्याकडे होतीच. माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. माझ्या मनात आलं, आता पुरावा पक्का करू. आखूड प्रत सरळ चालवली तर ती कुठे कापलीय ते कळेल आणि हळूहळू सरकत नाही हेही कळेल. म्हणजे काकांनी रिमोट वापरला हे शंभर टक्के.

आईच्या खोलीतला जुना टीव्ही उचलून बाहेर आणला. जुना प्लेअर त्याला जोडला. दोन टीव्ही शेजारी शेजारी, डावीकडे आखूड प्रत, उजवीकडे पूर्ण, दोन रिमोट दोन हातांत. दाबलं.

आधी दोन्हीकडे तोच माणूस तीच टोपी घालून त्याच दारातून आला. पाच मिनिटांनी डावीकडचा माणूस आधी खुर्चीत बसला, उजवीकडचा जरा मागून. दहा मिनिटांनी डावीकडे एखादं बोलणं संपायचं तेव्हा उजवीकडे ते सुरू व्हायचं. एक प्रसंग गळला नाही. एक शब्द गळला नाही. दोन्ही रिमोट मी खाली ठेवले होते. तरी डावीकडचा पुढे पुढे जात राहिला, आणि पंचवीस मिनिटांना एक मिनिट पुढे होता.

मी दोन्ही बंद केले.

मग शोधलं. पाच मिनिटांत सापडलं, इतकं साधं. सिनेमा एका सेकंदाला चोवीस चित्रं ह्या वेगाने घेतलेला असतो. काही देशांसाठी ज्या डिस्क निघायच्या त्यांच्यावर तो पंचवीसने फिरवलेला असतो. त्यामुळे शंभर मिनिटांचा सिनेमा शहाण्णव मिनिटांत संपतो. कुणी काही कापलेलं नाही, कुणी काही खाल्लेलं नाही. जरा भरभर, आणि आवाज जरासा बारीक. बस. माझी एकशे बासष्ट नावांची यादी म्हणजे एकशे बासष्ट धडधाकट सिनेमे होते. आणि काका रविवारी लावायचे त्या सगळ्या प्रती मीच पाठवलेल्या.

वही काढून बघितली. पंचवीसला एक, पन्नासला दोन, पंचाहत्तरला तीन. रिमोटने इतकं मोजून मापून कुठला माणूस पळवेल? आकडे खरंच बोलत होते. मला ऐकू आलं नव्हतं.

ग्रुपवर सगळं लिहिलं. माझं चुकलं, आखूड असं काही नसतं, काकांनी काही पळवलं नव्हतं. लांबलचक. इन्स्पेक्टरने लिहिलं, 'म्हणजे मी उगाच चाळीस डिस्क वाटल्या होय रे गाढवा?' मग त्यावरच सगळे बोलत बसले. काकांचं कुणी नाव काढलं नाही.

फोन करायला मला अजून चार दिवस लागले. बुधवारी संध्याकाळी दुकानातून घरी आलो, चपलासुद्धा काढल्या नाहीत आणि लावला.

'बोल चष्मिस.' नाव अजून ठेवलं होतं त्यांनी फोनमध्ये.

मी घडाघडा बोललो. चोवीस, पंचवीस, दोन टीव्ही, सगळं. माझं संपल्यावर काका म्हणाले, 'माहीत होतं मला.'

'काय माहीत होतं?'

'माझी डिस्क जरा पळते ते. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारीच कळलं. आवाजावरून. अरे, माझं सगळं काम कानावर चालतं. नवी कवळी दिली की डॉक्टर पेशंटला माझ्याकडे पाठवतात. मी त्याला म्हणायला लावतो, सासूबाई सासरी सुखी. स बरोबर आला तर दात बरोबर. त्या सिनेमातल्या बायका सगळ्या अर्धा सूर वर बोलत होत्या.'

'मग मला सांगितलं का नाही?'

'सांगितलं असतं तर तू लगेच बरोबरची डिस्क पाठवली असतीस.'

मला कळेना. 'मग? पाठवली असती ना.'

ते म्हणाले, 'माझा आधी संपायचा. मी बघून झाल्यावर टीव्ही बंद करून बसायचो. आणि तू अजून चार मिनिटं लिहीत असायचास. हे बघा काका, ते बघा काका. घरातलं कुणीतरी आतल्या खोलीत अजून बघतंय, असं वाटायचं. आधी आधी मेसेज थोपवून धरायचो, तुझी मजा जाऊ नये म्हणून. पण ती पेटी दिसली की हात राहतो का?'

मी चपला काढल्या. काहीतरी करायला हवं होतं.

'काका, ह्या रविवारी लावू या ना. तुमची तीच प्रत. मी घड्याळ बघणार नाही.'

'बघशील रे,' ते म्हणाले. रागाने नाही. 'आणि मीही बघेन. तू बघतोयस का ते. आता दुपारी टीव्ही लावतच नाही मी. लवंडतो जरा.' मग म्हणाले, 'चौदा जणांत म्हणालास रे. एकट्याला म्हणाला असतास तर मी हसून सांगितलं असतं.'

'हो.'

'हं.'

वाटलं आता ठेवणार. पण त्यांनी विचारलं, 'नवीन काय बघितलंस?'

एक बघितला होता. दीपगृहावर काम करणाऱ्या दोघा भावांचा. चांगला होता.

'मग सांग,' काका म्हणाले. 'पहिल्यापासून सांग. मी पडल्या पडल्या ऐकतो.'

मी भिंतीला टेकून जमिनीवर बसलो आणि सांगायला लागलो. सुरुवातीला नुसतं पाणी दिसतं, मग होडी. होडीत धाकटा भाऊ, मांडीवर रेडिओ. काका 'हं' म्हणायचे. मोठा भाऊ जिन्यावरून उतरतो, ह्याला ओळखत नाही. 'हं.' मग मी जेवण, भांडण, रेडिओ फुटतो तो प्रसंग, सगळं सावकाश सांगितलं, काही गाळलं नाही. बाहेर अंधार पडला होता, दिवा लावायला उठलो असतो तर मधे तुटलं असतं म्हणून तसाच बसलो.

धाकटा होडी सोडून द्यायला निघतो तिथे मी आलो आणि लक्षात आलं, बऱ्याच वेळात 'हं' आलेलं नाही. कान लावला. श्वास ऐकू येत होता, संथ.

सिनेमा अजून निम्मा राहिला होता. मी आवाज खाली घेतला आणि पुढे सांगत राहिलो.